भालेवालीचे पॉइंट

तलवारीवर थोडे पॉइंट टाकून झाल्यावर बाबा खुर्चीत मागे रेलले, चष्मा पुसला आणि मग गदेवरही थोडे टाकले. समोर टीव्हीच्या पडद्यावर भालेवाली उभी होती. खांद्यावरून पुढे आलेली वेणी, गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात तिचा तो एकुलता एक भाला. राहिलेल्या पॉइंटांतून त्यांनी धनुष्य उघडलं, कुऱ्हाड उघडली, आणि अगदी शेवटी उरलेसुरले पॉइंट जखमा बऱ्या करणाऱ्या काठीवर घातले. पडद्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. हे गेमचं मशीन ऊठसूट काहीतरी विचारत असे. खरंच बाहेर जायचं का, खरंच बंद करायचं का. बाबांनी ‘हो’ दाबलं.

भालेवाली बाबांची नव्हती, सुनेची होती. मशीनही तिचंच, माहेरहून आणलेलं. दुपारी घरात कोणी नसे. सून चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला जाई, मुलगा छापखान्यात, आणि बाबांची बायको, जिला घरात सगळे आई म्हणत, ती शिवणाच्या वर्गावर. निवृत्त झाल्यापासून बाबा या खोलीतून त्या खोलीत फिरत आणि नळ ठिबकतोय का ते पाहत. ते बघवेना म्हणून की काय, सुनेने एक दिवस रिमोट त्यांच्या हातात दिला.

“बाबा, मी नसताना जंगलातून थोडा झाडपाला गोळा करून ठेवाल का? खाणीतलं लोखंडपण. माझा सगळा वेळ त्यातच जातो. बाकीचं मी बघते.”

कोपऱ्यावरून साखर आणायला सांगावी, तसंच सांगितलं तिने. त्याआधी सासरा आणि सून यांच्यातलं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवू का?’ आणि ‘ठेव’. आता ती संध्याकाळी चपला काढता काढताच विचारायची, “आज काय काय मिळालं?” आणि बाबा सांगायचे. नदीकाठचा निळा पाला संपत आलाय, डोंगरापलीकडे जायला हवं. अस्वल आहे तिथे, पण ते दुपारी झोपतं. मुलगा वर्तमानपत्राआडून बघायचा आणि मान हलवायचा. बाबांचं मुलाशी आयुष्यात इतकं बोलणं झालं नव्हतं.

जन्मभर बाबांनी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. त्या खिडकीशी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही, हा त्यांचा अभिमान, आणि तो ते वेळ मिळाला की सांगत, वेळ मिळाला नाही तरी सांगत. प्रत्येक वस्तूचा एक तरी नग हाताशी हवा, हा त्यांचा एक नियम. दुसरा असा, की माल पडून राहता कामा नये. आता भालेवालीकडे काय होतं? भाला. मोडला तर? उडणारं काही अंगावर आलं तर? आणि पॉइंट तर ढीगभर, कित्येक दिवस नुसते पडून. सून पोरगी हुशार होती, पण तिला साठ्याची अक्कल नव्हती, असं बाबांचं प्रेमळ मत होतं.

त्यांनी पाचही हत्यारं बटणांवर हाताला येतील अशी लावून घेतली आणि बाईला जंगलात नेलं. झाडावरची घार बाणाने पाडली. लांडगा आला, त्याला तलवार. वाटेत आडवं पडलेलं झाड कुऱ्हाडीने तोडलं. पाय भाजला तेव्हा काठी फिरवून तो बराही केला. एका दमात एवढं सगळं! बाबांनी स्वतःशीच मांडीवर थाप मारली. मग चहा करून घेतला आणि सुनेला आजच सांगायचं की तिचं तिलाच दिसू द्यायचं, याचा विचार करत तो बशीत ओतून प्यायले.

संध्याकाळी सांगायची वेळच आली नाही. सून आली तीच हसत.

“शनिवार ठरला, बाबा! चौघींनी सुट्टी काढली.”

चौघी म्हणजे कॉलेजातल्या मैत्रिणी. आता चार गावांना चौघी, पण गेममध्ये एकत्र. एक ढाल धरायची, एक जादू करायची, एक वैदू होऊन जखमा बांधायची आणि ही भाला चालवायची. कितीतरी महिने त्या तळघरातल्या दगडी राक्षसाशी डोकं आपटत होत्या. त्याला त्या लाडाने दगड्या म्हणत.

“आणि हा शेवटचाच शनिवार,” सून म्हणाली. “आमची वैदू जहाजावर नोकरीला चाललीय. तिथे नेट नाही, काही नाही. परत कधी चौघी जमू, देव जाणे. म्हणून तर मी पॉइंट साठवून ठेवलेत. भाल्याचा एक शेवटचा घाव असतो, सगळेच्या सगळे पॉइंट भाल्यात घातले की उघडतो. दगड्याचं कवच फक्त त्यानेच फुटतं. त्या तिघी नुसत्या माझ्या भरवशावर आहेत.”

बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी नीट घडी घालून ठेवलं.

“आणि समजा,” ते म्हणाले, “समजा एखादीने पॉइंट चुकून दुसरीकडे घातले, तर काढता येतात ना?”

“छे! या गेममध्ये ती सोय नाही. घातले ते घातले.” तिने पाण्याचा तांब्या उचलला. “म्हणून तर मी हातच लावत नाही. आज काय मिळालं?”

“निळा पाला,” बाबा म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबांना ते तेव्हाही कळत होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांना मोडवेना, आणि त्याहून खरं सांगायचं तर, बासष्ट वर्षांच्या माणसाने सुनेपुढे उभं राहून ‘माझ्या हातून तुझी बाई बिघडली’ असं म्हणायचं, याचीच त्यांना लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला त्या दिवशी गेम लावायला वेळ झाला नाही. बाबांना वाटलं, सुटलो. उद्या काहीतरी करू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाईच्या पॉइंटांचं पान उघडलं आणि दिसेल ते बटण दाबून पाहिलं. तलवार तलवारच राहिली, गदा गदाच. भालेवाली मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायची, तशी ती घेत उभी होती. बाबांना तिच्याकडे बघवेना.

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली.

पलंगाखाली त्यांचा एक खोका होता. घरातल्या प्रत्येक यंत्राची जादा वायर त्यात होती आणि मेलेल्या वायरीही होत्या, कारण मेलेली वायर कधी कशाला लागेल सांगता येत नाही. मेलेल्या वायरीवर ते चिकटपट्टीचा तुकडा लावत आणि त्यावर ‘बंद’ लिहीत. तसली एक वायर काढून त्यांनी मशीनला लावली आणि चांगली वायर खोक्यात टाकली. चिकटपट्टी काढायचंही मनात आलं होतं, पण टीव्हीच्या मागे कोण बघायला जातंय? मशीन बंद पडलं म्हणजे शनिवार टळेल, निदान पॉइंट दिसणार नाहीत. त्यापुढचा विचार त्यांनी केला नाही. केला असता तर वायर लावलीच नसती.

संध्याकाळी सुनेने बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मुलाने येऊन प्लग दुसरीकडे लावून पाहिला, मशीन कानाशी धरून हलवलं आणि निकाल दिला, “जळलं.”

“असं कसं जळेल? काल तर…”

“कसं म्हणजे? रोज तापेपर्यंत चालवायचं, मग जळणार नाही तर काय होईल?” मुलगा दिवसभर उभा राहून आला होता, भुकेला होता, आणि पानं वाढलेली होती. त्याचा आवाज चढत गेला. मशीनवरून गोष्ट सुनेच्या सवयींवर गेली. आईने मध्ये पडून भांडण मिटवावं, तर तिने आपल्या वेळच्या सुनांचा दाखला काढला. हे दुपारचे चार तास मशीन कोण चालवतं, ते दोघांनाही माहीत होतं. पण बाबांचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. बाबांचं नाव घेऊन ओरडायची त्या घरात पद्धतच नव्हती.

सून फोनचा दिवा लावून टीव्हीच्या मागे वाकली. जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग उठून पानावर बसली.

“काही कळत नाही,” ती म्हणाली.

बाबा मान खाली घालून जेवत होते. घास घशाखाली उतरत होता, हीच त्यांना आपली सगळ्यात मोठी नालायकी वाटली.

शुक्रवारी तिने मैत्रिणींना फोन केला तो स्वयंपाकघरात उभं राहून, हळू आवाजात. ‘बघते, कोणाकडून मागून आणता आलं तर’ एवढं बाबांना बाहेर ऐकू आलं. आणि मग, ‘नाही गं, मी कशाला रडतेय?’ बाबा उठून गॅलरीत गेले आणि तिथे काहीच काम नव्हतं म्हणून परत आले.

शनिवारी सकाळी सगळे उठायच्या आत त्यांनी खोका ओढला, चांगली वायर घेतली आणि टीव्हीच्या मागे हात घातला. मेलेली वायर निघाली. ती खोक्यात टाकताना बोटाला चिकट लागलं. चिकटपट्टी वायरीवर नव्हती. कोणीतरी ती सोलून काढली होती, नुसता डिंकाचा काळा पट्टा राहिला होता. बाबा तिथेच जमिनीवर बसले. टीव्हीमागे त्या दिवसापासून फक्त एकच माणूस वाकलं होतं. मुलाने पुन्हा येऊन बघितलं असतं, तर बापाचं अक्षर त्याने लांबूनही ओळखलं असतं. त्याला ते दिसू नये, म्हणून तिने पट्टी काढली होती. आणि मग येऊन, बोलणी खात, जेवायला बसली होती.

चहाच्या वेळी मशीनचा दिवा लागलेला सगळ्यांनी पाहिला.

“बाबांनी दुरुस्त केलं?” मुलगा म्हणाला. “कमाल आहे! दुकानदाराने नवीनच घ्यायला लावलं असतं.”

“यांच्या खोक्यात काय नसतं ते विचार,” आई म्हणाली, आणि कौतुकाने बाबांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पाहणं विरळाच.

बाबांनी तोंड उघडलं. “वायर…” ते म्हणाले, “वायर सैल होती.”

सुनेने त्यांच्यासमोर कप ठेवला. “थँक्यू, बाबा,” ती म्हणाली. त्या आवाजात टोमणा शोधायचा बाबांनी फार प्रयत्न केला. तो असता तर बरं झालं असतं.

दुपारी मुलगा आणि आई एका नातलगाला भेटायला गेले. सुनेने कानाला हेडफोन लावले, रिमोट घेतला, आणि उठून जाणाऱ्या बाबांना म्हणाली, “बसा ना. तुम्हीपण बघा की दगड्याला.”

बाबा बसले. तिने पॉइंटांचं पान उघडलं.

तिचा अंगठा एकदा तलवारीवर गेला, एकदा काठीवर. वायरीचं तिला कळलं होतं. का, ते आता कळत होतं. बाबा तिच्या कानाच्या पाळीकडे बघत होते, कारण तेवढंच त्यांना खुर्चीतून दिसत होतं. पाळी लाल होत गेली. हेडफोनमधून मैत्रिणींचा गलका बारीक, भांड्यात चमचा हलावा तसा ऐकू येत होता.

“हो, मीच केलं,” ती एकदम म्हणाली. “नाही, डोकं ठिकाणावर आहे. एकाच भाल्याचा कंटाळा आला म्हणून… हो, माहीत आहे मला. एक ना धड भाराभर चिंध्या, बोल, अजून बोल. आता खेळायचं आहे की भांडायचं आहे?”

बाबांना वाटलं होतं, ती वळून आपल्याकडे बघेल. ती वळली नाही.

मग त्या खेळल्या. आणि बाबांना कबूल करावं लागलं, की त्यांनी नुसती हत्यारं गोळा केली होती. चालवावी कशी, हे ती आता दाखवत होती. तळघराच्या जिन्यावर वटवाघळं सुटली, तिने धनुष्य काढलं. बाण सुटता सुटताच तलवार हातात. ढालवालीचा तोल गेला तेव्हा हिने कुऱ्हाडीने दगड्याचा पाय अडवला, वैदू कोपऱ्यात अडकली तेव्हा काठी फिरवून तिला उभं केलं. हेडफोनमधून कोणीतरी किंचाळलं, आनंदाने. सूनही हसली. दगड्या गुडघ्यावर आला. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. होईल, ते मनात म्हणत होते, होईल, होईल.

मग दगड्याने कवच मिटून घेतलं. आता तो घाव हवा होता. सुनेने गदा मारली, तलवार मारली, भाला मारला. सगळं थोडं थोडं लागलं. सगळं थोडं थोडं असण्याचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. ढालवाली पडली, मग जादूवाली, मग वैदू, आणि शेवटी भालेवाली.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. उन्हं कलेपर्यंत त्या करत राहिल्या. हळूहळू गलका कमी झाला. मग नुसत्या गप्पा झाल्या, जहाजावर खायला काय देतात वगैरे. शेवटी सून म्हणाली, “नीट जा गं. नेट मिळालं की कळव,” आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“सूनबाई,” बाबा म्हणाले.

“असू द्या, बाबा.”

“मी मुद्दाम नव्हतं गं केलं. मला वाटलं, सगळं हाताशी असलेलं बरं.”

“पॉइंटांचं मला काही नाही वाटलं,” ती म्हणाली. डोळे पुसले नाहीत, नुसते वर केले. “म्हणजे वाटलं. पण ते चालतं. त्या रात्री मी पानावर बसले तेव्हा मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलाल. मग वाटलं, हात धुतल्यावर बोलाल.”

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. मुलगा आणि आई आत आले, हातात पिशव्या, चेहऱ्यावर बाहेरची हवा.

“काय, मारला का राक्षस?” मुलाने विचारलं.

“नाही,” सून उठत म्हणाली. “माझंच चुकलं.”

“एवढा सराव करून?”

“तिचं नाही चुकलं,” बाबा म्हणाले.

ते उभे राहिले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. पॉइंट सांगितले, मेलेली वायर सांगितली, मशीन जळलंच नव्हतं हे सांगितलं, आणि सकाळचं कौतुक फुकटचं होतं हेही सांगितलं. बोलताना त्यांनी हात पाठीमागे घेतले होते. आता मुलगा ओरडेल. ओरडायलाच हवं.

मुलगा आधी नुसता बघत राहिला, आणि मग खो-खो हसला. पिशवी खाली ठेवून हसला.

“बाबा, तुम्ही वायर बदललीत? लहान मुलासारखी?”

“अहो, या वयात काय हे!” आईलाही हसू आवरेना. “आणि तोंड बघा केवढंसं केलंय. गेमच तर आहे तो.”

सूनही हसली, घरात सगळे हसले की हसावं लागतं तेवढं. एवढंच होतं तर. इतक्या दिवसांची लाज उगाळून बाबांनी पुढे ठेवली, आणि तिची गंमत झाली. त्यांचा गुन्हा एका हसण्यात मिटला. तोच गुन्हा तिच्या नावावर होता, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

“हसू नकोस,” बाबा मुलाला म्हणाले. “त्या रात्री तिला जे बोललास, ते मला बोल.”

“मी?” मुलाने डोळे पुसले. “काय बोललो होतो मी?”

तो खरंच विचारत होता. आईही आठवायला लागली, आणि तिलाही आठवेना.

“जाऊ द्या ना, बाबा,” सून म्हणाली.

पण बाबांना शब्दन् शब्द पाठ होता.

“तू म्हणालास, घरी आलं की बटणं बडवायला बसते, हिला कशाची किंमत नाही. म्हणालास, माहेरचं आहे म्हणून सोडतो, माझं जाळलं असतं तर मी बघितलं असतं.” ते बायकोकडे वळले. “तू म्हणालीस, आमच्या वेळी सुनांना बसायला उसंत नव्हती, हिला खेळायला आहे.”

खोलीत आता कोणी हसत नव्हतं. मुलगा सुनेकडे बघत होता. ती हेडफोनची वायर गुंडाळत होती.

“आणि मी,” बाबा म्हणाले, “मी तिला म्हणालो, जरा पाणी आण. ती पानावरून उठली आणि तिने आणून दिलं.”